धुळ्याला समुद्र नसल्याचा खुलासा

देवपूर, धुळे
दि. ९ जून १९९४, गुरुवार

तीर्थस्वरूप भाईदास नानांच्या चरणी, धाकट्या चुलतभावाने, म्हणजे जीवरामने, डोकं टेकवलं आहे असं समजावं.

तुमचं पत्र पोचलं. पाकिटातून चिमूटभर वाळूही सांडली. ती तुमच्या भावजयीने, पुष्पाने, केरात टाकली, आणि पुढे त्याच वाळूसाठी मी केरसुणी घेऊन अंगणभर फिरलो (का, ते येईलच). वहिनींचे गुडघे तिकडच्या समुद्रकाठच्या दमट हवेत कसे आहेत? तुमचा खोकला? इकडे ऊन असं आहे, की वाळत घातलेलं धोतर दुसरं टोक दोरीवर टाकेपर्यंत वाळतं. तुमच्या आईची, म्हणजे काकूंची, तब्येत म्हणाल तर खणखणीत. भाकरी दोन वेळा, भांडण तीन वेळा. फक्त रोज सकाळी मी चपला घालायला लागलो की उंबऱ्यात आडव्या बसतात आणि एकच विचारतात, "जीवराम, मना भाईदास कव्हय येई रे?" मी रोज म्हणतो, अर्ज दिलाय. नऊ वर्षं झाली नाना, हे उत्तर द्यायची मला आता लाज वाटते. तुमच्या बदलीचा नववा अर्ज परत आला तो आमच्याच टेबलावरून गेला, आणि त्यावरचा शेरा मी माझ्या हाताने टंकला: "अर्जदाराच्या किनारी अनुभवाची धुळे कार्यालयास गरज नाही." एकाच खात्यात दोघं भाऊ लिपिक असण्याचा हा असा फायदा.

आणि कानबाईच्या सणाचं तर बोलूच नका. दर श्रावणात काकू घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने रोटाचे, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू मुठीने काढतात, त्यात तुमची मूठ पहिली. भाऊबंदांबाहेर रोट देता येत नाही, टाकता येत नाही, संपवावाच लागतो. तो नऊ वर्षं मी संपवतोय. माझ्या पोटाचा घेर बघून लोकांना वाटतं मी सुखात आहे. त्यातला निम्मा घेर तुमचा आहे.

तर आता मूळ हकिकत. फेब्रुवारीत वरून एक परिपत्रक आलं. विषय: किनारी व सागरी पर्यावरण व्यवस्थापन. सोबत एक भलामोठा तक्ता. पाच चौकोन, एकाकडून दुसऱ्याकडे बाण. पहिल्यात लिहायचं माणसाला काय हवंय, दुसऱ्यात त्यापायी तो पाण्याला काय ताप देतो, तिसऱ्यात पाण्याची स्थिती, चौथ्यात त्याचा परिणाम, पाचव्यात आपण काय उपाय केला. पाचव्यातून बाण पुन्हा पहिल्यात. सर्व जिल्ह्यांनी भरायचं. मी आपलं नेहमीप्रमाणे "निरंक" लिहून पाठवलं, कारण धुळ्याला समुद्र नाही हे (माझ्या समजुतीप्रमाणे) सर्वांना माहीत आहे.

पंधरा दिवसांत कागद परत. निरंक चालणार नाही. समुद्र नसल्यास तो केव्हापासून नाही, नसण्याची कारणे काय, असण्याच्या दृष्टीने कार्यालयाने आजवर काय कार्यवाही केली, आणि समुद्र नसल्याबद्दल संबंधितांचा खुलासा का घेण्यात येऊ नये! आमचे बोरसेसाहेब पांढरेफटक पडले. त्यांना निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. ते म्हणाले, जीवराम, मी आयुष्यात कुणाचं घेतलं नाही आणि आता समुद्राचा ठपका माझ्यावर? मी म्हटलं, साहेब, तो तुम्ही नेला असं कुठे म्हटलंय. पण त्यांचा धीर सुटला होता. म्हणाले, खुलासा लिहिण्यापेक्षा समुद्र लिहिणं सोपं. भर तक्ता.

नाना, मी काही खोटं लिहिणारा माणूस नाही. म्हणून आधी नकाशा काढून बोट फिरवलं. आपली पांझरा तापीला मिळते, तापी सुरतेकडून समुद्राला. म्हणजे शेजारच्या सुमनबाई पांझरेवर गोधड्या धुतात तो मळ कुठे जातो? मग लिहिलं: सुमनबाईला स्वच्छ गोधडी हवी, सबब साबण, सबब फेस, सबब अरबी समुद्र. बाण आपोआप जुळले हो! मला घाम फुटला. त्या दिवसापासून मला सगळीकडे बाणच दिसायला लागले. घरी चहाचं बघा: मला चहा हवा, ताप पुष्पाला, स्थिती स्फोटक, परिणाम चहा नाही, उपाय कोपऱ्यावरचं हॉटेल. आणि हॉटेलातून परत आलो की बाण पुन्हा पहिल्या चौकोनात. पुष्पाला मी हे कागदावर काढून दाखवलं. तिने त्याच कागदात शेवभाजीची शेव बांधून माहेरी भावाकडे पाठवली.

बाकी रकानेही प्रामाणिकपणे भरले. भरतीची वेळ: नळ येतो ती, म्हणजे तीन दिवसांआड सकाळी सहा. ओहोटी: साडेसहा. भरतीच्या वेळी किनाऱ्यावर होणाऱ्या मानवी हालचाली: हंडे, कळशा व शाब्दिक चकमकी. मासेमारांची संख्या: एक (आपले असलमभाई, बाजारात सुके बोंबील विकतात ते). माशांची स्थिती: या किनाऱ्यावर आढळणारे सर्व मासे वाळलेल्या अवस्थेत आढळतात. फक्त पाचवा चौकोन, उपायाचा, मोकळा राहिला. सुमनबाईंच्या गोधडीवर उपाय काय सांगू? त्यांना आपण दोघंही घाबरतो.

त्या वाळलेल्या माशांनी घात केला. वर हाहाकार उडाला म्हणे. अख्ख्या राज्यात एवढी गंभीर स्थिती कुठल्याच किनाऱ्याची नव्हती, आणि एवढा भरगच्च तक्ताही कुणी पाठवला नव्हता. मेच्या शेवटच्या आठवड्यात जीपमधून तिघांचं पथक हजर! दोन साहेब आणि एक गोखलेमॅडम, जाड चष्मा, हातात वही. किनारा दाखवा म्हणाले.

बोरसेसाहेब पोटात दुखतंय म्हणून घरी गेले (खरंच दुखत होतं, मी पाहिलं). नेलं मी पथकाला पांझरेच्या पात्रात. मेमधलं पात्र तुम्हाला सांगायला नको. टरबुजांच्या वाड्या, चार शेळ्या, आणि मधोमध सुमनबाईंची वाळणारी गोधडी. मोठे साहेब चष्मा पुसून म्हणाले, ओहोटी आहे वाटतं? मी म्हटलं, हो साहेब, फेब्रुवारीपासून. म्हणाले, मग भरती? मी म्हटलं, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पण मागच्या वर्षी जुलैत आली होती. त्यांनी ते लिहून घेतलं. धाकट्या साहेबांना किनाऱ्याच्या वाळूचा नमुना हवा होता, तोही समुद्राचा वास असलेला. तेव्हा मला तुमच्या पाकिटातली वाळू आठवली आणि मी घरी धावलो, पण केराबरोबर तीही गेली होती. शेवटी असलमभाईंच्या बोंबलांच्या गोणीतली तळाची धूळ पुडीत बांधून दिली. वास इतका अस्सल होता की साहेबांनी पुडी जीपच्या टपावर ठेवली.

मग म्हणाले, नौकेतून पाहणी करू. नौका! मी शिपाई नथ्थूला पिटाळलं. तो तासाभराने चौघांच्या खांद्यावर काहीतरी घेऊन आला आणि माझ्या कानात म्हणाला, "भाऊ, डोंगा नही शे, लगननी कढई शे. चाली का?" चालली. पन्नास माणसांची भाजी होते त्या कढईत मोठे साहेब बसले, नथ्थूने आणि मी दोराने ओढत गोधडीपासून टरबुजांपर्यंत नेलं आणि परत आणलं. उतरताना त्यांच्या विजारीला मागून तेलाचा गोल लागला होता. तो त्यांनी तक्त्यात "तेलगळती, किरकोळ" म्हणून घेतला. दुपारी तिथेच वाडीत भरीत आणि कळण्याची भाकरी झाली. ठेच्यानंतर दोन्ही साहेबांच्या डोळ्यांतून जे पाणी आलं, तेवढंच त्या दिवशी खाऱ्या पाण्याचं दर्शन.

आता खरं सांगायचं ते इथे आहे, नाना. मॅडम भाकरी खाताना म्हणाल्या, स्थानिक ज्येष्ठ नागरिकाचं म्हणणं हवं. तेवढ्यात माझा डबा घेऊन काकू आल्या (मी घरी जेवायला आलो नाही म्हणून, या उन्हात, पदर डोक्यावर घेऊन). मॅडमनी त्यांना शेजारी बसवलं आणि विचारलं, आजी, समुद्राबद्दल तुमची काय तक्रार आहे? मला वाटलं आता सगळं उघडं पडणार. कसला समुद्र, असं म्हणतील. काकूंनी डबा मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "समुद्रनी मना पोऱ्या लई लिधा. नऊ वरीस व्हई ग्यात. त्याले सांगा, आते बस व्हयनं. मना पोऱ्या माले दी टाक." आणि पदराने डोळे पुसून माझा डबा उघडायला लागल्या.

दोन्ही साहेबांनी टोप्या काढल्या. मी घाईघाईने सांगितलं, अहो, पोरगा जिवंत आहे, आपल्याच खात्यात आहे, दापोलीच्या पुढे वरिष्ठ लिपिक आहे, बदली मिळत नाही एवढंच. साहेबांनी टोप्या पुन्हा घातल्या. पण गोखलेमॅडमनी वहीतून तो माझा तक्ता काढला, चष्म्यावरून माझ्याकडे एकदा, वाळलेल्या गोधडीकडे एकदा आणि काकूंकडे बराच वेळ पाहिलं. त्या बाईंना पहिल्या मिनिटापासून सगळं कळलं होतं, अशी माझी पक्की खात्री आहे. म्हणाल्या, जीवराम, तुमचा पाचवा चौकोन मोकळा आहे, मोकळा चालत नाही. आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: "सदर किनाऱ्यास किनारी अनुभव असलेला वरिष्ठ लिपिक तातडीने द्यावा." नाव तुमचं.

आदेश काल आला, नाना! तुम्हाला तिकडे पोचेलच. पंधरा दिवसांत धुळ्याला रुजू व्हायचंय. मी काकूंना वाचून दाखवला, त्यांनी तीनदा वाचायला लावला, आणि मग कागद माझ्या हातातून घेऊन देवापाशी ठेवला. मी खूप रडलो, लपवण्यात अर्थ नाही. लहानपणी विहिरीत पडलो तेव्हा तुम्ही सदऱ्याला धरून मला वर ओढलंत, तेव्हापासून मला पाण्याची भीती आणि तुमचं ऋण, दोन्ही आहेत. एक तरी फिटलं.

वहिनींना नमस्कार. सामान बांधायला लागा.

तुमचा,
जीवराम

ता. क. सामान सगळं बांधू नका. मच्छरदाणी, स्टोव्ह आणि खाट तिथेच ठेवा. घरमालकाला खोली सोडतो म्हणून सांगू नका, भाऊ येतोय म्हणून सांगा. पत्र काल टपालात टाकायचं राहिलं, आणि आज सकाळी दुसरा आदेश आला. राज्यातला सर्वोत्तम सागरी तक्ता भरल्याबद्दल माझं अभिनंदन, आणि तुमच्या रिकाम्या झालेल्या जागी माझी नेमणूक. पुष्पा सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही. स्थिती स्फोटक.

ता. क. दुसरा. तो समुद्र खोलीच्या खिडकीतून दिसतो का? दिसत असेल तर येण्याआधी तेवढी खिडकी खिळे ठोकून बंद करा.

ता. क. तिसरा. काकूंना मी भीतभीत सांगितलं. त्या जराही घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, "फिकर नको करू. त्या बाई परत येतीन तधय त्यासले सांगसू, आते मना जीवराम बी माले दी टाका." माझ्या नावाची मूठ यंदाही त्या काढणारच आहेत. तो रोट तुम्ही संपवायचा, नाना. नऊ वर्षं मी तुमचा खाल्लाय.