पिकल्या राजेळीचा वास

वटार,
९ जानेवारी

प्रिय राधाताई,

नमस्कार. भावजींनाही सांग. पत्ता मटिल्डा आंटीकडून मिळाला. तिच्यावर रागावू नकोस, मीच आठवडाभर तिच्या मागे लागले होते. माझा नंबर तू बंद केलास त्याला आता पाच वर्षं झाली, म्हणून पत्र. तसंही आपल्याला लिहायला शिकवलं ते बाबांनीच, शाळेच्याही आधी, केळीच्या पानावर बांबूच्या काडीने. ओरखडा आधी दिसायचा नाही, थोड्या वेळाने काळा व्हायचा. आपण दोघी पानावर ओणव्या होऊन वाट बघायचो.

घरी सगळं ठीक आहे. यंदा राजेळी केळ्यांचे घड चांगले आले, पण वाळवून सुकेळी निम्मीच केली. सोलायला आई एकटी पडते. मी विरारच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. या महिन्यात पेशींचा धडा होता, तो मी पुढे ढकलला.

घरी सगळं ठीक आहे असं वर लिहिलंय, ते तेवढंसं खरं नाही. बाबांना बरं नाही. डिसेंबरात त्यांना मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नेलं होतं. डोक्याचा फोटो काढला, रक्त तपासलं. डॉक्टर बाई चांगल्या आहेत, घाई करत नाहीत. बाकीचं भेटल्यावर सांगेन. तू येऊन जा. महिना संपायच्या आत ये. का, ते आत्ता विचारू नकोस.

तू नीट खा. जड उचलू नकोस. हे आपलं सहज लिहिलं, मला कुणी काही सांगितलेलं नाही.

हेही खोटं. आंटीने सांगितलं. तिसरा महिना ना? ताई, मला फार आनंद झाला. हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, पुढचं जमत नाही. म्हणून थांबते.

तुझी,
अक्षदा

वटार,
२० जानेवारी

प्रिय राधाताई,

तू मला उत्तर पाठवलं नाहीस, आंटीच्या फोनवर पाठवलंस. तिने ते ओट्यावर उभं राहून मला वाचून दाखवलं : "पुन्हा प्यायला लागले असतील. एखाद्या केंद्रात ठेवा. या दिवसांत मला तो ताप नको." वाचून झाल्यावर आंटी म्हणाली, "आता तरी लिही गं पोरी. का मीच लिहू इंग्रजीत?"

लिहिते. क्रम चुकेल कदाचित, पण काही गाळणार नाही.

तुझ्या लग्नाच्या सकाळी बाबांच्या हातातला तांब्या कलंडला आणि पाणी भावजींच्या आईच्या शालूवर गेलं. त्यांचे पाय नीट पडत नव्हते. तोंड मधूनच असं वेडंवाकडं होत होतं की हसतायत असं वाटावं. तू मला मागच्या खोलीत ओढलंस आणि विचारलंस, "तू जवळ होतीस ना? खरं सांग अक्षू, वास येतो का?"

मी म्हटलं, "येतो."

वास खरंच येत होता. पण तो कशाचा होता ते मला तेव्हाही माहीत होतं, ताई. आदल्या दिवशी बाबा दुपारभर पिकवणीच्या खोलीत होते. दार बंद करून घड ठेवलेले, त्यातले काही जास्त झालेले. तो गोडूस, आंबूस, डोक्यात जाणारा वास दोन दिवस कपड्यांतून जात नाही. सुकेळी करणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला ते सांगावं लागत नाही. पण त्यांचे पाय अडखळताना मी पाहिले होते, आजोबांच्या दारूचं सगळं लहानपणापासून ऐकलं होतं, आणि घाबरून मी फक्त "येतो" एवढंच म्हटलं. पुढचं बोलले नाही. तू बाहेर गेलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "दारू पिऊन माझं कन्यादान करायचं नाही." ते काकांनी केलं. बाबा म्हणत होते, "बाय, मी थेंब घेतला नाही." पण त्यांची जीभही जड झालेली, त्यामुळे त्यांनाच कुणी तरी धरून बाजूला बसवलं.

पाच वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी खोटं बोलले नाही, वास येतच होता.

त्यानंतर आईनेही त्यांना सोडलं नाही. पिशव्या तपासायची, तोंड हुंगायची. दोनदा त्यांना खोलीत कोंडलं. मागच्या गणपतीत आंटी नंदाखालहून नैवेद्याला आली तेव्हा बाबांच्या हातातून वाटी उडाली. आई म्हणाली, "बघ मटिल्डा, सणासुदीलाही सोडत नाही." आंटीने तीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून काढलीत. तिने बाबांचे हात आपल्या हातांत धरून पाहिले. मग म्हणाली, "सुभद्रे, दारुड्याचे हात सकाळी थरथरतात आणि घोट पोटात गेला की थांबतात. याचे नाचतायत, ते थांबतच नाहीत. तू याला दारू पाजून बघ, तरी सरळ चालायचा नाही." बाबा हसले. पाच वर्षांत त्यांची बाजू घेणारं ते पहिलं माणूस.

या आजाराचं नाव हंटिंग्टन. डॉक्टरांनी मला पडद्यावर बाबांचा मेंदू दाखवला. आत खोलवर दोन्ही बाजूंना शेपटीसारखा एकेक भाग असतो, हालचाली आवरणारा. त्यांचा इतका बारीक झालाय की शेजारची पोकळी मोठी दिसते. कारण रक्तात आहे, जन्मापासून. एका जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येतो. तो सगळ्यांत येतो, तुझ्यात, माझ्यात, त्या डॉक्टरांतही. कुणाचा सतरा वेळा, कुणाचा बावीस वेळा. त्या म्हणाल्या, चांगल्या आकड्यांतसुद्धा माणसामाणसांत फरक असतो आणि त्याने मेंदूच्या त्या भागाची घडण किंचित बदलते असं अभ्यासात दिसू लागलंय. दोन डोकी आतून सारखी नसतातच. पण चाळीस आणि त्याच्या पुढे गेलं की आजार होतोच. बाबांचा आकडा चव्वेचाळीस.

आजोबा पोफळीवरून पडले तेव्हा गावाने ठरवलं की जगन्नाथ प्यायलेला होता. त्यांना पिताना कुणी पाहिलं होतं, ते मी आता सगळ्यांना विचारलं. कुणीच नाही. चालणं तसं होतं, एवढंच सगळे सांगतात. आणि त्या एका गोष्टीपायी बाबांनी आयुष्यभर दारूला हात लावला नाही.

आता जे पहिल्या पत्रात टाळलं ते.

आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. प्रत्येकाची स्वतंत्रपणे. तुला निम्मी आहे, ताई. तुझ्यात असेल तर बाळालाही निम्मी. तुझी रक्ततपासणी होऊ शकते, पोटातल्या बाळाचीही होऊ शकते, पण तिला मुदत आहे, आणि तिसरा महिना उलटला की हाताशी आठवडे फार थोडे उरतात. काही करायचं की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. तिथे समजावून सांगणाऱ्या बाई आहेत, त्या कुणावर जोर करत नाहीत. त्यांनी मला बजावलं होतं, "तुमच्या बहिणीला न कळण्याचाही हक्क आहे. आधी विचारा, हवंय का." मी विचारलं नाही. विचारायचं कसं तेच कळेना. काय कळायचंय ते न सांगता, हवंय का म्हणून कसं विचारणार? आता लिहून झालंय आणि तुझा तो हक्क मी घालवलाय.

माझी तपासणी झाली. सहा तारखेलाच कागद हातात आला, म्हणजे पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तो माझ्याकडे होता. माझे दोन आकडे, एक आईकडून आणि एक बाबांकडून आलेला, सतरा आणि एकोणीस. मला होणार नाही.

हे तुला सांगायची मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. मी सुटले म्हणून तुझ्या वाट्याला जास्त येत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा समजावलं, विज्ञान शिकवते म्हणून मलाही ते कळतं. तरी मला ते पटत नाही. दोन ताटं वाढलेली होती आणि चांगल्यावर मी आधी बसले, असंच वाटतं. घरी येताना आनंद झाला का हे मी तपासून पाहिलं. झाला होता. मग तो तसाच धरून मी चौदा दिवस गप्प बसले, तुझ्या मुदतीतले चौदा दिवस.

आणखी एक. बाबांना सगळं कळतं. बोलणं तुटक झालंय, पण डोकं अजून त्यांचंच आहे. परवा मी तुला लिहायला बसले तर त्यांनी विचारलं, "राधीला?" मी मान हलवली. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. तो हात स्वस्थ राहत नाही, त्यामुळे माझाही हलत होता. म्हणाले, "नको सांगूस. सुखात हाय ती. मला... दारुडाच राहू दे."

आई दाराशी होती. तीही म्हणाली, "बाप सांगतोय ते ऐक. पाच वर्षं गेली, आणखी जातील." आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत बसली. तिने हुंगलेलं, कोंडलेलं तिला आता आठवत असणार. मी तिला विचारत नाही.

मी बाबांना "बरं" म्हटलं. तुझ्या लग्नात जसं घाबरून "येतो" म्हटलं, तसंच. मग रात्रभर विचार केला आणि ठरवलं की घाबरून दिलेला हा शब्द मी मोडणार.

मंगळवारी दहा वाजता आमची रुग्णालयात वेळ आहे, बाबांची. डॉक्टर म्हणाल्या, बहीण आली तर तिलाही भेटेन. यायचं नसेल तर नको येऊस. तपासून घ्यायचं नसेल तर तेही नको, त्यालाही मी वाईट म्हणणार नाही. पण भावजींना आज सांग. एकटी राहू नकोस.

तू त्यांचा तिरस्कार करावास आणि शांत झोपावंस, एवढंच त्यांना हवं होतं. दोन्ही मी तुझ्याकडून काढून घेतलं, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नाही. खाली माझा नंबर पुन्हा लिहिते, तू पुसला असशील. फोन लावून बोलली नाहीस तरी चालेल. मी पलीकडे असेन.

तुझी,
अक्षू