निळा कधी झाला

पांडेसरा, मंगळवार, १८ नोव्हेंबर १९९७

दिवसभर मिलच्या लॅबमध्ये रंगाईच्या पाण्यातला जडपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम, काढायचा, आणि शेठच्या बंगल्यावरच्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत तोच मोजून घालायचा. असलं माझं काम. टाकीत जिवंत पोवळी आहेत, त्यांना मॅग्नेशियम लागतं. मी तपासतो तेव्हा ते पुरेसं भरतं, तरी पोवळी वाढेनाशी झाली आहेत.

म्हणून आज टाकीचं पाणी बाटलीतून घरी आणलं. तीनदा तपासलं, तीन वेगळे आकडे. तपासणीच्या औषधाचे थेंब मोजत टाकत गेलं की लालसर पाणी निळं होतं, तिथे थांबायचं; जितके थेंब, तितका आकडा. एवढंच तर आहे. पण तो निळा मला नक्की कुठे दिसतो?

सुनंदा ओट्याशी भाकरी थापत होती. वळून म्हणाली, "थांबा, निळं व्हयनं."

मला अजून जांभळंच दिसत होतं. पुन्हा केलं. तिने त्याच थेंबाला थांबवलं. म्हणजे मी रोज पुढेच जात होतो, आकडा फुगत होता, आणि पोवळी उपाशी.

म्हणजे दोष माझ्या डोळ्यांचा. मिलमध्ये कळलं तर रंगाईच्या लॅबमध्ये कोण ठेवील? बाटली धुऊन ठेवली. जेवताना तीच हळू म्हणाली, "दिवाळीले हिरवी साडी सांगेल व्हती. तुम्ही निळी लयनात. मी काही बोलनू नही."

आजही तीच नेसली होती. मला अजून हिरवीच दिसते.