तीन भट्ट्या, तीन पत्ते

पनवेल, मंगळवार, १२ फेब्रुवारी २०१९

दिवाळीपासून इथे एक ओळ लिहिली नाही, चूक माझीच. आज मात्र संतापाने हात थांबत नाही.

केबलचोरीच्या संशयावरून धरलेल्या कातकरी काळूचा जामीन फेटाळला. सरकारने त्याला दिलेली वकील मीच. पोलिसांच्या नव्या सॉफ्टवेअरने त्याच्या नावापुढे लाल खूण केली: तीन वर्षांत तीन पत्ते, फरार होण्याची शक्यता जास्त. न्यायाधीशांनी तोच कागद प्रमाण मानला.

बाहेर हवालदार हसत म्हणाला, "मॅडम, चिडायचं तर माझ्यावर चिडा. कॉम्प्युटरला कुठे जात असते?"

काळूची बायको सोमी तिथेच उभी होती. "ताई, आमी दरसाल वीटभट्टीवर जातो, पावसाला घरी येतो. यात पलनं कुठं आलं?"

तीन पत्ते म्हणजे तीन भट्ट्या. काळूच्या गावी, आपट्याच्या कातकरवाडीत, कुणीही सांगितलं असतं. यंत्राने विचारलं नाही. पण मी तरी विचारलं का? तेच तीन पत्ते आठवडाभर माझ्या फाइलीत होते, आणि कोर्टात मी गप्प उभी राहिले. माणूस आत आहे तो माझ्याही आळसामुळे.

उद्या: नव्या जामीन अर्जासाठी आपट्याच्या शाळेतून काळूच्या मुलीच्या हजेरीचा उतारा आणणे. दर जूनला ती वर्गात परत असते, असं सोमी म्हणते.