एका शब्दाचं घराणं

१४ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इकडे सगळं ठीक. चष्म्याचा नंबर वाढलाय, गुडघा अधूनमधून कुरकुरतो. तुझी पाठ कशी आहे? पाण्याच्या टाकीसाठी गच्चीपर्यंत चढू नकोस म्हणून किती सांगितलं, पण तू ऐकशील तर शपथ!

घर खाली करायच्या नोटिशीबद्दल तू लिहिलंस, "तुला कायद्याचं कळतं, तूच बघ काय ते." त्यावर येतोच. आधी काल ऑफिसात काय झालं ते सांगतो, कारण मी अजून सावरलेलो नाही.

आमच्या शब्दकोशाची एक रीत आहे. शब्द कुठून आला याचं टिपण लिहून झालं की ते टायपिस्टबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायचं. बाईंना ग्रीक-लॅटिनचा गंध नाही, म्हणूनच त्यांची निवड. त्यांना कळलं तर टिपण पास, नाहीतर पुन्हा लिहा. काल माझ्याकडे 'ऑर्फन' हा शब्द होता.

मी वाचायला लागलो. ग्रीकमध्ये 'ऑर्फानोस' म्हणजे पोरकं मूल. लॅटिनमध्ये 'ऑर्बुस' म्हणजे ज्याचं माणूस हिरावलं गेलं तो. जाणकारांच्या मते त्याच मुळातून रशियनमध्ये 'राब' आला, म्हणजे गुलाम, आणि 'राबोता' म्हणजे नुसतं काम. चेकमध्ये 'रोबोता' म्हणजे वेठबिगारी, ज्यावरून 'रोबोट' निघाला. जर्मनांकडे 'आर्बाइट' म्हणजे काम आणि 'एर्बे' म्हणजे वारसा, तेही याच कुळातले. आपलं 'अर्भक'सुद्धा बहुधा याच गोतावळ्यातलं. टिपण झकास जमलं होतं, मी अगदी खुशीत होतो.

बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. "म्हणजे आई मेलेलं पोर. त्याला कामाला जुंपलं. आणि घरदार भलत्यानंच घेतलं. असंच ना?"

"अहो बाई, हा शब्दांचा प्रवास आहे. कुणा एका माणसाची गोष्ट नाही."

"ते तुमचं तुम्ही जाणा. मला तर कळली. पास."

ताई, मी टिपण तिथंच टाकून उठलो. बाई मागून विचारत होत्या, "काय झालं हो?"

मावशी, म्हणजे तुझी आई, गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस. घर आजोबांनी दोघी बहिणींना दिलेलं, खालचा मजला तुझ्या आईचा, वरचा माझ्या आईचा. तुला पोटच्या पोरीसारखं वाढवलं असं आम्ही चारचौघांत सांगत आलो. पण शाळा तुझी सुटली, माझी नाही. माझे डबे तू भरलेस. माझ्या आईचं अंथरुणातलं सगळं सहा वर्षं तू केलंस. मी सुट्टीत यायचो, दोन दिवस राहायचो, आणि तुझ्या हातचं खाऊन निघून जायचो.

आता नोटिशीचं. घर मी विकायला काढलंय. घेणाऱ्याच्या वकिलानं ती माझ्याच सांगण्यावरून पाठवली. आई गेल्यावर वारस नोंदवताना मी शपथपत्र दिलं. त्यात मावशीच्या नावापुढे मी माझ्या हातानं लिहिलं, 'निःसंतान वारली'. कारकुनानं विचारलं, "मग घरात राहते ती कोण?" मी म्हणालो, "कामाला असते." तेव्हा माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही. याचाच मला काल हादरा बसला.

शपथपत्राची नक्कल सोबत आहे. तुझा जन्माचा दाखला आईच्या लोखंडी पेटीत, तळाच्या कागदाखाली आहे. मीच तो तिथे दडवला. तो घे आणि आजच्या आज वकील गाठ. माझ्यावर दावा लाव. त्या वकिलाला मी सकाळीच थांबवलंय, पण माझ्या तोंडच्या बोलण्यावर विसंबू नकोस. उद्या माझं मन पुन्हा फिरलं तर? सगळं लेखी करून घे.

मावशीला एक मुलगी होती, हे शपथेवर सांगायला मी येईन. तुझ्या बाजूनं, माझ्याविरुद्ध.

क्षमा मागायची हिंमत नसलेला,
तुझा धाकटा भाऊ