दादाचा ‘छोटा’ अटॅक

इस्लामपूर, मंगळवार, दिवेलागण

अटॅक येऊन चार दिवस झाले नाहीत, तोवर दादा ऊसतोड बघायला निघाला. डॉक्टरीणबाई म्हणतात, सांगलीला नेऊन अँजिओग्राफी करा. हा ऐकेल तर ना. पण चूक आमचीच. येईल त्याला आम्ही ‘छोटाच होता’ म्हणून सांगत बसलो.

तेवढ्यात पंपाच्या जळलेल्या मोटारी भरून देणारा शब्बीर आपली जुनी गाडी घेऊन भेटायला आला. त्याला गेल्या साली मोठा येऊन गेलाय. म्हणाला, “दादा, माझी नळी पुरती बंद, म्हणून सगळे धावले. तुमची जरा उघडी हाय, म्हणून तुमीच शेताकडं धावताय. डॉक्टरीणबाई सांगत हुत्या, सुरवातीला मोठा वाईट, पण हयगय केली तर पुढं छोटाबी तेवढाच वाईट.”

काय माणूस आहे. आम्हाला चार दिवसांत हे सांगता आलं नाही.

दादा शब्बीरला म्हणाला, “तुझी गाडी सांगलीपतोर टिकंल का रं?”

मी लगेच बॅग भरायला उठलो.