कुंडीतलं मीठ

कोलशेत, ११ ऑगस्ट २०२५

चि. जया बायस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. घरात तीन फोन आहेत, पण मला कान नाहीत. मशीन लावलं की नुसती शिट्टी वाजते, म्हणून ते कपाटात ठेवून दिलंय. सुदेश काही सांगायचं झालं तर मोबाइलवर मोठ्या अक्षरांत टाइप करून दाखवतो, जसा काय मी पहिलीत आहे. तेव्हा आता पत्रच. तू मास्तरीण, पण माझ्या चुका लाल पेनाने काढून परत पाठवू नकोस.

काम असं की माझी झाडं आजारी आहेत. गॅलरीत बावीस कुंड्या आहेत. कढीपत्त्याच्या पानांच्या कडा उदबत्तीने जाळल्यासारख्या करपल्यात. मोगरा कळ्या धरतो आणि न उमलताच गाळतो. अबोली तर गेलीच. पाणी रोज घालतो, बोअरच्या नळाचं. महापालिकेचं पाणी झाडांना घालायचं नाही असा सोसायटीचा नियम, आणि सेक्रेटरी आपलाच पोरगा, म्हणजे बोलायची सोय नाही.

बाकी बरं आहे. सकाळी चहा घेऊन गॅलरीत बसतो. समोर तिवरं, त्यावर बगळे, आणि एक खंड्या रोज त्याच वायरीवर येतो. सुदेश आणि संचिता कामावर गेले की मी आणि झाडं. अंतराची सकाळची शाळा सुटली की ती खाली बेसमेंटमधल्या अभ्यासवर्गात चारपर्यंत असते. सोसायटीतली वीसेक पोरं असतात. सुदेशनेच गेल्या वर्षी ती खोली काढली, भिंतीवर हत्ती-जिराफ रंगवून घेतले. वर आली की अंतरा रोज एक पान आणते आणि कुठल्या झाडाचं ते ओळखायला लावते. दहा वर्षांची पोर, पण माझी परीक्षा घेते.

तुझ्याकडे काही औषध असलं तर कळव. आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
तानाजी


डोंबिवली, १८ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चुका अकरा आहेत, पण माफ.

दादा, तू झाडं लाडाने मारतोस. रोज पाणी कशाला? बोट मातीत घालून बघावं, कोरडं लागलं तरच घालावं. आणि तो चहाचा चोथा टाकणं आधी बंद कर. मला एक सांग, मातीवर पांढरा थर दिसतो का? दिसत असेल तर वरची दोन बोटं माती काढून टाक आणि नवी भर.

माझ्या गोकर्णीच्या वेलात शिंजीराने घरटं केलंय. एवढंसं, लोंबतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वॉकर घेऊन गॅलरीपर्यंतच जाता येतं, तेव्हा दिवसभर त्या पक्षिणीची धावपळ बघते. संध्याकाळी केमिकल कंपन्यांचा वास सुटला की खिडक्या लावते, पण ती बिचारी कुठे जाणार?

अंतराला पापा. तुझ्या आशीर्वादाची सवय आहे, ती मोडू नकोस.

तुझी,
जया


कोलशेत, ३० ऑगस्ट

चि. जयास आशीर्वाद.

पांढरा थर आहे. मी तो चाखला.

तोंड वाकडं करू नकोस. आपला बा मिठागराचं पाणी जिभेवर ठेवून सांगायचा, किती दिवसांत मीठ धरेल ते. मला तेवढं येत नाही, पण खाडीचं मीठ मी ओळखतो. मग बोअरचं पाणी चाखलं. तेही खारं. बाय, एवढा पाऊस झालाय. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी गोडं व्हायला पाहिजे, हे उलटं चाललंय. खाली जाऊन बघितलं तर कंपाउंडकडची लॉन जळालीय आणि तिथे मोरस उगवलीय. आय खाजणातून ओटी भरून आणायची, तीच भाजी. खाऱ्या चिखलाशिवाय ती येत नाही. माळी तिला गवत समजून उपटतो, चार दिवसांत ती पुन्हा हजर.

खाडी खालून आत येतेय. आपली उघाडी आठवते ना? बांधातलं ते लाकडी दार, ज्यातून बा भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचा. बिल्डरने डेब्रिस टाकून ती बुजवली. पण पाण्याची वाट बुजत नाही. मी पावलं मोजली. उघाडी होती बरोबर तिथेच बेसमेंटमधला अभ्यासवर्ग आहे. मोरीच्या जाळीतून चिखलाचा वास येतो. मोठ्या उधाणाला तिथून पाणी वर येणार, आणि भरती दुपारची असली तर पोरं आत असणार.

सुदेशला सांगितलं. त्याने सोसायटीची फाइल आणली आणि एक कागद माझ्यापुढे धरला. आठवतोय तो? या जमिनीत भरतीचं पाणी येत नाही, उघाडी कधी नव्हती, असं आपण बिल्डरला जमीन विकताना दिलेलं प्रतिज्ञापत्र. खाली माझी सही आणि त्याच्याखाली तुझी. सुदेशने टाइप करून विचारलं, बाबा तेव्हा खोटं बोलले की आता बोलतायत. मी म्हटलं तेव्हा. त्याने मान हलवली आणि फाइल बंद केली. त्याला वाटतं माझं डोकं फिरलं.

माझं कोणी ऐकत नाही. तू शिकवलेली माणसं तुला रस्त्यात वाकून नमस्कार करतात. तू एकदा सांग की उघाडी होती. मला अंतराची भीती वाटते, बाय.

तुझा दादा,
तानाजी


डोंबिवली, ९ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहायला घेतलं आणि फाडलं.

बोअर खारी होण्याला दहा कारणं असतात. पाणी तपासायला द्या. झाडांना तांदूळ धुतलेलं पाणी घाल, ते तरी गोडं असेल. आणि अंतराला दुपारी वर तुझ्याजवळच ठेव, म्हणजे काळजी मिटली.

दादा, त्या कागदाचं उकरून काढू नकोस. तेव्हा बिल्डरचा माणूस म्हणाला होता की पाणी येतं असं कळलं तर व्यवहार मोडेल. तू सही केलीस आणि कागद माझ्याकडे सरकवलास. मी वाचूनसुद्धा सही केली. हे माझं डोंबिवलीचं घर त्याच सहीवर उभं आहे. चाळीस वर्षं मी पोरांना खोटं बोलू नये म्हणून छड्या मारल्या. आता ह्या वयात चारचौघांत उभं राहून काय सांगू? मला लाज वाटते आणि भीतीही वाटते. मला यात ओढू नकोस.

रागावलास तरी रागावल्याचं पत्र पाठव.

तुझी,
जया


कोलशेत, २९ सप्टेंबर

चि. जयास आशीर्वाद.

रागावलो नाही. सही मीच तुझ्यापुढे सरकवली होती.

पण आता ऐक, इथे आक्रीत झालंय. घटस्थापनेला सोसायटीतल्या बाया गार्डनमधली माती न्यायला आल्या. मी आडवा गेलो. सांगितलं की या मातीत धान उगवणार नाही, बाहेरून विकत आणा. संचितासुद्धा माझ्यावर डाफरली, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. एकोणीस घरांनी माती नेली. आज आठवा दिवस. एकोणीस घटांत एक कोंब नाही. गहू तसाच फुगून काळा पडलाय.

आता मला वाटलं, लोक ऐकतील. बोअरचं पाणी चाखा म्हणून मी ग्लास घेऊन दारोदार फिरलो. पण बाया घाबरल्यात, देवी कोपली म्हणून. काही जणी तर म्हणतात, म्हाताऱ्याने अपशकुन केला. हे सगळं मला अंतरा लिहून दाखवते. मी दिसलो की दार लावतात. त्यांनी गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी सांगितलं की वास्तूची शांत करा आणि नऊ कुमारिका जेवू घाला. मुहूर्त काढलाय कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीचा, मंगळवार, ७ तारीख, दुपारी बारा. आणि जागा कुठली, तर बेसमेंटमधली खोली, कारण एवढी पानं मांडायला दुसरी जागा नाही.

पौर्णिमेचं उधाण, बाय. बरोबर साडेबारा-पाऊणची भरती. नऊ पोरी तिथे पाटावर बसवणार आहेत आणि त्यात अंतरा आहे. ती आनंदात आहे, तिला नवा परकर आणलाय. मी बोलायला गेलो तर सुदेशने हात जोडले. टाइपसुद्धा केलं नाही.

यापुढे तुला विचारणार नाही. मी खुर्ची घेऊन त्या जिन्यात बसणार.

दादा


डोंबिवली, ४ ऑक्टोबर

चि. सुदेशास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर सांगितलं असतं तर तू आत्याची समजूत काढून फोन ठेवला असतास. म्हणून लिहून आणि सही करून देते आहे. शेजारची रसिका उद्या ठाण्याला जाते आहे, ती हे तुझ्या हातात देईल.

तुझे बाबा आता खरं सांगत आहेत. उघाडी होती. आमचे वडील धोंडीबा तिचं दार उघडायचे तेव्हा मी बांधावर कंदील घेऊन उभी राहायचे. पौर्णिमा-अमावास्येला दाराशी पाणी माझ्या गळ्याएवढं खोल व्हायचं. प्रतिज्ञापत्रातला शब्दन् शब्द खोटा आहे, हे माहीत असून मी सही केली. व्यवहार मोडू नये म्हणून केली.

हे पत्र सोसायटीत सगळ्यांना वाचून दाखव. माझी अब्रू जाईल, जाऊ दे. पूजा गच्चीवर करा, रस्त्यावर करा, पण त्या खोलीत मंगळवारी एक पोर उतरता कामा नये. मी हे महिनाभर आधी लिहायला हवं होतं, सुदेश. मी भित्री निघाले.

तुला माझ्या गळ्याची शपथ.

तुझी आत्या,
जया


कोलशेत, ९ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घे.

रसिकाताई रविवारी सकाळी तुझं पत्र देऊन गेल्या. मी पार्किंगमध्ये उभ्या उभ्या वाचलं. आत्या, मी ते कुणाला दाखवलं नाही. इथे दोनशे बारा फ्लॅट आहेत. जमिनीबद्दल हे असं बाहेर पडलं तर एक फ्लॅट विकला जाणार नाही, आणि कागद आमच्याच घरातला. वाटलं, पूजा एकदा होऊन जाऊ दे, मग कमिटीत शांतपणे बोलू. पाणी येईल असं मला खरंच वाटत नव्हतं.

पण मंगळवारी सकाळी मी अंतराला शाळेत पाठवलं नाही. संचिताला सांगितलं की हिचं अंग गरम लागतंय, आज खाली बसवू नको. नऊचा आकडा पुरा करायला बी विंगमधल्या नयनच्या मुलीला बसवलं. समृद्धी नाव तिचं. सहा वर्षांची आहे.

बाबा अकरापासून जिन्यात खुर्ची टाकून बसलेले. मी सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडलो. त्यांना ऐकू आलं नाही, ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. पाऊण वाजता मोरीच्या जाळीतून पाणी वर आलं. काळं, चिखलाचं. आधी कुणाला काही वाटलं नाही, बाया पानं उचलायला लागल्या. मग जाळी उडाली आणि लाइट गेले. बाबा तोपर्यंत आत शिरलेले. एकेकीला ते जिन्याकडे ढकलत होते आणि मी वरून ओढत होतो. आठ मोजल्या. समृद्धी दिसेना. बाबा परत आत गेले. तिला खांद्यावर घेऊन आले तेव्हा पाणी त्यांच्या छातीला लागलेलं. समृद्धी माझ्या कमरेएवढी आहे, आत्या.

ती बरी आहे. सगळ्या बऱ्या आहेत. बाबांच्या पोटात आणि छातीत पाणी गेलंय, त्यांना नौपाड्यातल्या दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर परवा सोडतो म्हणाले.

कमिटीने पाइप फुटल्याचं ठरवलं. रजिस्टरमध्ये तसं लिहायचं काम सेक्रेटरीचं. मी लिहिलं आणि खाली सही केली. रंगारी बोलावलाय. दिवाळीनंतर वर्ग पुन्हा तिथेच चालू करायचा असं बहुमताने पास झालं. तुझं पत्र माझ्या खिशात आहे. काल दोनदा बाहेर काढलं आणि दोनदा घडी घातली.

दवाखान्यात बाबा मला कागदावर लिहून विचारतात, अंतराचा ताप उतरला का. मी मान हलवतो.

ताप नव्हता हे अंतराला माहीत आहे. अभ्यासवर्गात समृद्धी तिच्याच शेजारी बसून चित्रं काढायची. काल रात्री जेवताना ताट बाजूला सारून तिने मला विचारलं की पाणी येणार हे मला आधीपासून ठाऊक होतं का. संचिता माझ्याकडे बघत होती. मी उठून हात धुवायला गेलो. अंतरा अजून उत्तराची वाट बघतेय.

तू चाळीस वर्षं मुलांना शिकवलंस. तिला काय सांगू, ते कळव. आणि माझ्यावर माया उरली असेल तर लवकर कळव.

तुझा,
सुदेश