प्रणालीचं बी

३ नोव्हेंबर, सौंसर
नोकरी लागली! आज पांढुर्ण्याहून आले. देवकाबाईंच्या घरी भाड्यानं वरची खोली मिळाली, खिडकीखाली संत्र्याची बाग. कारखाना बोरगावला. भुट्ट्याच्या दाणे काढलेल्या कणसांतली साखर काढतात, तिच्यावर हायड्रोजनची प्रक्रिया केली की झायलिटॉल, शुगरवाल्यांसाठीची साखर. जिभेवर ठेवून पाहिलं. गोड, आणि पेपरमिंटसारखं थंडगार. लॅबमध्ये सोबत प्रणाली आहे. चांगली वाटली.

१० नोव्हेंबर
लॅबमध्ये झायलिटॉलच्या पाकाचे खडे पाडायचे असतात. माझा पाक पाकच राहतो. प्रणालीच्या भांड्यात मात्र काचेसारखे खडे. तिच्याकडे बाटलीत एक जुना खडा आहे, त्याचा कण टाकला की पाक खडे धरतो. त्याला बी म्हणतात. लॅबच्या विजयसरांनी तिचे खडे उन्हात धरून सगळ्यांना दाखवले. माझ्या भांड्याकडे पाहिलंही नाही. मी बी मागितलं.

"ते नको मागू, उर्वशी," ती म्हणाली. "अंगात गेलं का मंग थांबत नाही ते."

कंजूष मेली.

१४ नोव्हेंबर
ती जेवायला गेली तेव्हा बाटली उघडली. एक कण माझ्या भांड्यात टाकला. मग बोट चाटलं. का, कोण जाणे. तिचं आहे ते माझ्याही जिभेवर असावं, एवढंच वाटलं. दुपारी पाक धरला. सरांनी शाबासकी दिली. प्रणाली नुसती माझ्या बोटांकडे पाहत होती.

१७ नोव्हेंबर
तोंडातली थंडी जात नाही. गरम चहाही थंड लागतो. सकाळी उशीवर लाळेच्या जागी बारीक खडे. देवकाबाईंनी विचारलं, खडीसाखर खाऊन झोपली होतीस का.

१९ नोव्हेंबर
प्रणालीनं विचारलं, तू ते चाटलं का. मी नाही म्हणाले. ती रडली. तिचे अश्रू पाण्याचेच. मला तेही बघवलं नाही.

२० नोव्हेंबर
मीही रडले. ताटात टपटप वाजलं.

२१ नोव्हेंबर
डॉक्टरांनी सुई टोचली. रक्त नाही. सुई वाकली— बोटं मिटत नाहीत. पेन देवकाबाईंनी हाताला बांधून दिला.

२२, दुपार
प्रणाली आली. माझा हात खिडकीशी धरला— आरपार ऊन— पलीकडची संत्री दिसतात.

खूप वेळ बघत राहिली. म्हणाली, "इतका साफ खडा मला कधीच नाही जमला."

तो आवाज ओळखते मी. जळतेय ती. माझ्यावर. किती बरं वा—